कॅरिअर नसलेल्या सायकलीवरचं सामान

रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बनवलेल्या कार्बनच्या सायकलीला मडगार्ड नसतो, स्टँड नसतो आणि कॅरिअरही नसतं. पहिल्या दोन गोष्टींवाचून कुणाचं फारसं अडत नाही. तिसरीवाचून अडतं, पण ते लक्षात येतं सायकल घेऊन वर्ष-सहा महिने झाल्यावर. सुरुवातीला पहाटे उठून चाळीस-पन्नास किलोमीटर मारायचे आणि चहाला घरी परतायचं, एवढाच कार्यक्रम असतो. जर्सीच्या खिशात मोबाइल, सीटखाली एक जादा ट्यूब, संपलं सामान. मग एखाद्या हिवाळ्यात कोकणातून गोव्यापर्यंत जायचा बेत ठरतो आणि चार दिवसांचे कपडे, चार्जर, औषधं, चपला ठेवायच्या कुठं, हा प्रश्न उभा राहतो. दुकानदार सांगतो, कार्बनवर सामान लादू नका. ग्रुपमधला जुना गडी म्हणतो, काही होत नाही, बांधा बिनधास्त. दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे, आणि उरलेला भाग जाणून न घेता एकाचं ऐकलं तर कधी सहल हुकते, कधी लाखाच्या घरातली फ्रेम जाते.

ही सायकल मुळात कुणासाठी घडली ते आधी पाहायला हवं. १९८६ साली ग्रेग लेमाँड या अमेरिकी स्वारानं ‘तूर द फ्रान्स’ जिंकली. त्याच्या लुक केजी ८६ या सायकलीच्या नळ्या कार्बनच्या आणि सांधे अ‍ॅल्युमिनियमचे होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या केस्ट्रेल कंपनीनं ४००० या नावानं सबंध कार्बनची फ्रेम बाजारात आणली. तिथून पुढची सारी धडपड वजन उतरवण्याची आणि पेडलवरचा जोर वाया जाऊ न देण्याची. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचं वजन किमान ६.८ किलो हवं असा नियम केला, तरी शर्यतीबाहेरच्या सायकली त्याखाली उतरतच राहिल्या. स्पेशलाइज्ड कंपनीनं २०२० मध्ये आणलेल्या एथॉसच्या सर्वात हलक्या फ्रेमचं वजन मधल्या मापात ५८५ ग्रॅम सांगितलं गेलं. एका भरलेल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा ते कमी भरतं. अशा फ्रेमवर कॅरिअरच्या स्क्रूसाठी भोकं ठेवायची, म्हणजे त्या जागी कापडाचे जादा थर द्यायचे, धातूच्या चकत्या बसवायच्या आणि वजन वाढवायचं. शर्यतीतल्या स्वाराला त्याचा काही उपयोग नाही. त्याचं सामान मागून येणाऱ्या गाडीत असतं.

आता मूळ शंका: कार्बन वजन पेलत नाही का? उत्तम पेलतं. ऐंशी किलोचा माणूस त्याच फ्रेमवर बसून खड्ड्यांतून जातोच की. कार्बनला वावडं आहे ते आवळण्याचं, घासण्याचं आणि एका जागी बसणाऱ्या धक्क्याचं. कार्बनचे धागे राळेत भिजवून एकावर एक थर देऊन नळी घडवतात आणि प्रत्येक थराची दिशा येणाऱ्या ताणाप्रमाणे ठरवलेली असते. पेडल, हँडल आणि सीट या तीन ठिकाणांहून येणारा जोर कुठून कसा जाणार, याचा पक्का हिशेब त्यामागे असतो. त्या वाटांवर नळी अतिशय भक्कम असते. पण आडव्या नळीचा मधला भाग किंवा सीटपासून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या बाहेरून चिमटीत आवळल्या, तर तो जोर हिशेबात धरलेला नसतो. पोलादी नळीला असा पट्टा आवळला तर फार तर रंग जातो. कार्बनचे आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरून काहीही दिसत नाही.

सुरक्षिततेच्या चाचण्यांतही हेच दिसतं. सायकलींसाठीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात फ्रेमची कसून परीक्षा होते. पेडलवर एक लाख वेळा जोर दिला जातो, सीटच्या बाजूनं उभा भार पन्नास हजार वेळा टाकला जातो, पुढून धडकही देऊन पाहतात. मात्र जिला कॅरिअर लावायचंच नाही अशा फ्रेमच्या मागच्या नळ्यांवर मधोमध वीस किलो लटकवून ते डावी-उजवीकडे झुलवून पाहायची गरज त्या चाचण्यांना पडत नाही. म्हणजे कंपनी ‘लावू नका’ म्हणते तेव्हा फ्रेम नक्की तुटेल असा तिचा दावा नसतो. आम्ही हे तपासलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तपासलेलं नाही ते वॉरंटीतही बसत नाही.

मग पुस्तिकेत छापलेल्या एकूण वजनाचं काय? ट्रेक कंपनी वाकड्या हँडलच्या सायकलींसाठी स्वार, सायकल आणि सामान मिळून १२५ किलोंची मर्यादा देते; बऱ्याच कंपन्यांचे आकडे याच्या आसपासचे किंवा थोडे खालचे असतात. सत्तर किलोचा माणूस आणि साडेआठ किलोची सायकल धरली, तर कागदावर साडेशेहेचाळीस किलोंची जागा शिल्लक दिसते. हा हिशेब फसवा आहे. हा आकडा पूर्ण सायकलीचा असतो. त्यातलं किती वजन कुठं ठेवायचं ते तो सांगत नाही. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, मागून लटकवलेले पाच किलो आणि स्वाराच्या अंगातले पाच किलो सारखे नाहीत. स्वार खड्डा आला की पेडलवर उभा राहतो, कोपर सैल सोडतो, धक्का अंगावर घेतो. सामान घेत नाही.

कॅरिअरवाचून प्रवास करण्याची युक्ती कार्बनहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या नेल्सन गावात विल्फ कॅराडाइस यांनी १९३२ साली जाड मेणकापडी कॅनव्हासच्या पिशव्या शिवायला सुरुवात केली. चामडी सीटच्या मागच्या बाजूला असलेल्या दोन कड्यांना ही पिशवी आडवी टांगतात. आजही ती विकली जाते आणि लांब पल्ल्याच्या स्वारांत तिचे निष्ठावंत आहेत. फ्रान्समध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरची वारी करणाऱ्यांनी याच सुमारास हँडलसमोरची चौकोनी पिशवी रुळवली, म्हणजे चालता चालता नकाशा पाहता येतो आणि खाऊ काढता येतो. भोकं पाडायची नाहीत, चाकाच्या दोन्ही बाजूंना झोळ्या लटकवायच्या नाहीत आणि सामान सायकलीच्या रुंदीतच ठेवायचं, ही कल्पना तेव्हापासूनची.

तिला नवं रूप मिळालं अलास्कात. तिथल्या हिवाळी शर्यतींत इडिटारॉडच्या बर्फाळ वाटेवर स्वारांना झोपायची पिशवी, चूल, इंधन बरोबर न्यावं लागतं आणि सततच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात, दांडे मोडतात. अँकरेजच्या एरिक पार्सन्स यांनी २००७ च्या सुमारास हलक्या, पट्ट्यांनी बांधायच्या पिशव्या शिवायला घेतल्या. त्यातून रेव्हेलेट डिझाइन्स ही कंपनी उभी राहिली. फ्रेमच्या त्रिकोणात एक पिशवी, सीटमागे एक, हँडलला एक वळकटी, अशी ही मांडणी. ती डोंगरी सायकलींसाठी होती, पण तिच्यात ना स्क्रू लागत होता ना भोक. रोड बाइकवाल्यांनी ती उचलणं अटळ होतं. माइक हॉल यांनी २०१३ साली ट्रान्सकॉन्टिनेंटल ही शर्यत सुरू केली. युरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायचा, मागे गाडी नाही, मदतनीस नाही. जे लागेल ते सायकलीवर न्यायचं किंवा वाटेत सगळ्यांना खुल्या असलेल्या दुकानातून घ्यायचं. त्याच वर्षी लंडनमध्ये टोरी फाही यांनी अपिड्युरा ही पिशव्यांची कंपनी काढली. २०१९ मध्ये फिओना कोल्बिंगर या जर्मन तरुणीनं बल्गेरियातल्या बुर्गासपासून फ्रान्समधल्या ब्रेस्टपर्यंतचं जवळपास चार हजार किलोमीटरचं अंतर १० दिवस, २ तास आणि ४८ मिनिटांत कापलं आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून ती पहिली आली. अशा शर्यतींच्या सुरुवातीच्या रेषेवर कार्बनच्या सायकलींची गर्दी असते आणि प्रत्येकीवर सामान असतं. कार्बनवर सामान नेता येतं की नाही, हा वाद तिथं केव्हाच मिटला आहे. कोणतं आणि कसं, एवढंच उरलं आहे.

सगळ्यात जास्त सामान जातं सीटमागच्या पिशवीत, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथंच होतात. ही पिशवी सीटखालच्या दोन रेल्सना पट्ट्यांनी आणि सीटपोस्टला वेल्क्रोनं बांधली जाते. आकार आठ-नऊ लिटरपासून सतरा लिटरपर्यंत. पिशवी मोठी घेतली की ती भरली जातेच, आणि वजन सीटपासून जितकं मागे जाईल तितकी ती उभं राहून पेडल मारताना डोलते. हा डोल नुसता त्रासदायक नाही. प्रत्येक झोक्यानं वेल्क्रोचा पट्टा सीटपोस्टवर थोडासा फिरतो. कोरड्या रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. पावसाळ्यात मागच्या चाकानं उडवलेला लाल चिखल पट्ट्याखाली शिरला की त्याचा पॉलिश पेपर होतो. दोन-तीन दिवसांत लकाकी जाते, मग रंग आणि त्याखालचा थर. उपाय अगदी साधा आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांना धूळ-वाळूपासून जपण्यासाठी निघालेली पारदर्शक पॉलियुरेथेनची टेप पट्टा येईल त्या प्रत्येक जागी आधी चिकटवायची. पिशवीत जड वस्तू आत, सीटपोस्टला लागून ठेवायच्या, कपडे मागच्या टोकाला. पट्टे ताणून बांधायचे ते रेल्सवर. सीटपोस्टवरचा पट्टा पिशवी सरकू नये इतपतच.

दोन अडचणी विकत घेण्याआधी पाहायच्या असतात. हल्लीच्या पुष्कळ शर्यती सायकलींचा सीटपोस्ट गोल नसतो; वारा कापण्यासाठी तो चपटा किंवा मागून कापल्यासारखा असतो. कापडी पट्टा त्यालाही बसतो, पण धातूची कडी लावणारी कोणतीही वस्तू बसत नाही. दुसरी अडचण उंचीची, आणि तिच्याविषयी पिशव्यांच्या जाहिराती गप्प असतात. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या स्वाराची फ्रेम लहान मापाची असते, सीट आणि मागचं चाक यांत मोठ्या पिशवीपुरती जागाच उरत नाही. खड्ड्यात पिशवी टायरला घासते, कधी फाटते, कधी चाक अडवते. आपल्याकडच्या अनेक स्त्रियांना आणि बऱ्याच पुरुषांनाही सहा-आठ लिटरच्या वर जाता येत नाही. त्रिकोणातली पिशवीही लहान फ्रेममध्ये पाण्याच्या बाटलीची जागा खाते. मग बाजूनं बाटली काढता येईल अशी पकड लावावी लागते. युरोपातल्या उंच स्वाराच्या सायकलीचा फोटो पाहून मागवलेली पिशवी म्हणूनच इथं कपाटात पडून राहते.

सीटच्या रेल्सही कार्बनच्या असतील तर आणखी जपायला हवं. पिशव्या बनवणाऱ्या काही कंपन्या अशा रेल्सवर आपली पिशवी लावू नका असं स्पष्ट सांगतात. धातूच्या रेल्सची सीट सहलीपुरती बसवणं हा पाच मिनिटांचा आणि कमी खर्चाचा मार्ग आहे.

सीटपोस्टला कडी आवळून मागे फळीसारखं तरंगतं कॅरिअर लावण्याची पद्धत आपल्या बाजारात स्वस्त आणि सहज मिळणारी आहे. नेमकी तीच कार्बनच्या सीटपोस्टला सगळ्यात घातक. एका अरुंद कडीनं नळी चारही बाजूंनी दाबली जाते, वर सामानाचा भार तरफेसारखा त्या कडीच्या कडेवर येतो आणि प्रत्येक खड्ड्यात तिथंच आपटतो. नावाजलेल्या कंपन्या स्वतःच बजावतात की हे कॅरिअर कार्बनच्या सीटपोस्टवर नको. सायकलीचा सीटपोस्ट गोल असेल तर त्याच मापाचा, बहुधा २७.२ मिलिमीटर व्यासाचा, अ‍ॅल्युमिनियमचा बसवता येतो; मग कडी अ‍ॅल्युमिनियमला आवळली जाते आणि फ्रेम बऱ्याच अंशी सुटते. तो बसवताना कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावायची आणि छापलेल्या आकड्याइतकाच, बहुतेक ठिकाणी पाच न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क पान्यानं आवळायचा. तरीही अशा कॅरिअरवर चार-पाच किलोंच्या वर जाणं शहाणपणाचं नाही. मागच्या बारीक नळ्यांना रबर लावलेल्या धातूच्या पट्ट्या आवळून जोडलेलं कॅरिअर तर कार्बनवर कधीच नको, मग ते लावणारा मेकॅनिक कितीही अनुभवी असो.

खरंच कॅरिअर हवं असेल तर भार फ्रेमवर न देता थेट एक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, द्यायचा, हा मार्ग गेल्या दशकात मोठा झाला. अमेरिकेतली ओल्ड मॅन माउंटन ही कंपनी असे एक्सलवर उभे राहणारे कॅरिअर बनवते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या टेलफिन कंपनीनं तर आपला सगळा धंदाच भोकं नसलेल्या सायकलींसाठी उभारला. मूळ एक्सल काढून त्यांचा लांब एक्सल घालायचा, त्याच्या दोन टोकांवर कमान उभी राहते, वर पिशवी आणि हवं तर दोन्ही बाजूंना झोळ्या. कमानीचं वरचं टोक सीटपोस्टला धरतं, पण ते सामान डोलू नये एवढ्यापुरतंच. वजन खाली एक्सलवर उतरतं. कार्बनच्या फ्रेमला सामान लावायची आजवरची ही सर्वात विचारपूर्वक केलेली रचना आहे. किंमत मात्र इतकी, की भारतात मागवताना कर आणि वाहतूक धरून त्या पैशांत एक बरी जुनी सायकल येईल.

त्यातही दोन मर्यादा उरतातच. शर्यतीच्या सायकलीच्या मागच्या आडव्या नळ्या आखूड असतात, साधारण ४०५ ते ४१५ मिलिमीटर. सर्ली लाँग हॉल ट्रकरसारख्या पोलादी प्रवासी सायकलीत त्या ४६० मिलिमीटर होत्या. त्या पाच सेंटिमीटरांत टाच मोकळी फिरते की झोळीला दर फेरीत लागते, हे ठरतं. दुसरी मर्यादा चाकांची. प्रवासी सायकलीच्या मागच्या चाकाला ३२ किंवा ३६ आरे असतात. शर्यतीच्या चाकाला २४ किंवा त्याहूनही कमी. सायकलीवरच्या एकूण भारातला निम्म्याहून जास्त भाग मागच्या चाकावरच असतो. सामान वाढलं की आरा तुटण्याची शक्यता फ्रेमआधी वाढते, आणि खेडेगावातल्या सायकल दुकानात शर्यतीच्या चाकाचा चपटा आरा मिळत नाही. २५ मिलिमीटरच्या टायरऐवजी फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद, २८ किंवा ३२ चे टायर घालणं हा सामानाच्या सायकलीवर केलेला सर्वात मोलाचा खर्च ठरतो. हादरे कमी बसतात ते स्वाराला, चाकाला आणि प्रत्येक पट्ट्याला.

हँडलची वळकटी सोपी वाटते, पण कार्बनच्या हँडलवर ती काळजीनं बांधावी लागते आणि हात ठेवायची जागा कमी होते. दीड-दोन किलोंपर्यंतचं हलकं, फुगीर सामान तिथं ठीक: जाकीट, पातळ चादर. ब्रेकच्या केबल्स दाबल्या जात नाहीत ना, हे दोन्ही बाजूंना हँडल पूर्ण वळवून पाहायचं. आडव्या नळीवरची छोटी पिशवी मात्र प्रत्येकानं घ्यावी अशीच आहे. खाणं, मोबाइल, बॅटरी हाताशी राहतात आणि अनेक सायकलींना आता त्यासाठी दोन स्क्रूंची जागाही असते. मागे ओढायची गाडी, म्हणजे ट्रेलर, बहुतेक कार्बन फ्रेमसाठी कंपन्या नाकारतात. पाठीवरची सॅक फ्रेमला शून्य त्रास देते, पण तिचं सारं वजन खांद्यांतून बैठकीवर येतं. दमट किनाऱ्यावर दोन तासांत पाठ भिजते. कामाला जाण्यापुरती ठीक, चार दिवसांसाठी नाही.

दरम्यान कारखान्यांनीच आपली भूमिका बदलली. साल्सा कंपनीची कटथ्रोट ही कार्बनची सायकल उत्तर अमेरिकेतल्या टूर डिव्हाइड या खडतर शर्यतीसाठी खास बनवली गेली; तिच्या पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन स्क्रूंची जागा आहे. ट्रेकची चेकपॉइंट कार्बनमध्ये मिळते आणि तिला मागे कॅरिअरची भोकं आहेत. ट्रेकच्याच डोमाने या लांब पल्ल्याच्या रोड बाइकच्या २०२० च्या आवृत्तीत खालच्या जाड नळीलाच झाकण बसवून आत ट्यूब आणि हत्यारं ठेवायची सोय झाली; स्पेशलाइज्डनं डायव्हर्ज आणि पुढे रूबेमध्ये तेच केलं. जड वस्तू सायकलीच्या तळाशी आणि मध्यावर ठेवायला याहून चांगली जागा नाही. यावरून एक गोष्ट निर्विवाद दिसते: अडथळा कार्बन या पदार्थाचा कधीच नव्हता. ज्या फ्रेमची आखणी सामान धरून झाली, तिनं सामान नेलं.

वजनाचा घाटातला परिणाम मोजून पाहण्यासारखा आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण साठ मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. स्वार, सायकल, पाणी मिळून ८० किलो असतील आणि त्यात सहा किलो सामान चढवलं, तर चढणारं वजन साडेसात टक्क्यांनी वाढतं. खड्या चढावर वाऱ्याचा हिस्सा नगण्य असल्यानं त्याच ताकदीत वेळही जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी वाढतो. तासाभराच्या चढाला चार-साडेचार मिनिटं. कुणाचंही यात काही बिघडत नाही. सपाटीवर तर वजनापेक्षा रुंदी नडते, आणि तिथं स्वाराच्या पाठीमागे लपलेली सीटमागची पिशवी बाजूच्या झोळ्यांपेक्षा फार उजवी. खरी काळजी उताराची. महाबळेश्वरची उंची तेराशे मीटरहून जास्त. तिथून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरताना सायकल जवळपास ती सगळी उंची गमावते आणि त्या ऊर्जेचा मोठा भाग ब्रेकमधून जातो. रिमवर घासणारे ब्रेक आणि रिमही कार्बनची असेल, तर सतत दाबून धरलेल्या ब्रेकनं रिम तापून राळ मऊ पडते. सामानासह अशा घाटात उतरायचं तर डिस्क ब्रेक हवेत, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या रिमची चाकं. दोन्ही नसतील तर थांबत थांबत, रिम गार होऊ देत उतरायचं.

आपण किती सामान नेतो हे शेवटी कोण सोबत आहे यावर ठरतं. मार्क बोमाँट या स्कॉटिश स्वारानं २००८ साली सगळं सामान स्वतः वाहत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्याला १९४ दिवस लागले. २०१७ मध्ये मागे गाड्या आणि पथक घेऊन कार्बनच्या सायकलीवर तो ७८ दिवस, १४ तास आणि ४० मिनिटांत आला. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्यानं केली. या शर्यतीत मागून गाडी आणि पथक असणं हा व्यवस्थेचाच भाग आहे, त्यामुळे त्यांच्या सायकलींवर सामान दिसत नाही. त्यांचे फोटो पाहून सायकल निवडणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. त्याच्या मागे गाडी नसणार.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पार करायच्या वाऱ्या, करणाऱ्यांची गोष्ट मधली. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. मदत फक्त ठरलेल्या ठिकाणी. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथले शेकडो स्वार कार्बनच्या सायकलींवर या वाऱ्या करतात आणि त्यांचं सामान दोन-अडीच किलोंत बसतं: दिवे, परावर्तक जाकीट, दोन ट्यूब, पंप, बॅटरी, बदली मोजे, खाणं. सामान कमी कसं करायचं ते शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही.

आणि कोकण तर अशा हलक्या प्रवासासाठीच असावं असं वाटतं. किनाऱ्यानं खाली जाताना दर वीस-पंचवीस किलोमीटरवर गाव आहे, खाणावळ आहे, घरगुती मुक्कामाची सोय आहे. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींवर सायकल हातानं ढकलत चढवायची, तिथं हलकी सायकल हे सुखच. तंबू नको, चूल नको, अंथरूण नको. सायकलिंगचे दोन जोड रोज रात्री धुवून आलटून पालटून, संध्याकाळसाठी एक पातळ पँट आणि शर्ट, रबरी चपला, दाढी-दातांचं सामान, औषधं, चार्जर, ट्यूब, हत्यारं, एक घडीचं जाकीट. प्रत्येक वस्तू घरच्या काट्यावर तोलून घेतली तर साडेतीन-चार किलोंत सगळं बसतं. एक आठ लिटरची सीटमागची पिशवी, एक त्रिकोणातली, एक आडव्या नळीवरची. कोणत्याही धडधाकट कार्बन रोड बाइकनं हे न्यावं.

लडाखला जायचं, स्वयंपाक स्वतः करायचा, थंडीचं अंथरूण न्यायचं, तर पंधरा-वीस किलो होतात आणि तिथं शर्यतीच्या कार्बन सायकलीनं बाजूला व्हावं. पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमची प्रवासी सायकल त्या कामाला जन्मलेली असते: लांब बूड, जास्त आरे, सोपे गिअर, हवी तिथं भोकं. ती नसेल तर मित्राची मागून आणावी, भाड्यानं घ्यावी. महागड्या फ्रेमवर नको तो भार टाकून हजारो फुटांच्या उतारावर तिच्या मागच्या नळ्यांचा भरवसा धरणं हे धाडस नव्हे.

सहलीहून आल्यावर तासभर सायकलीला द्यायचा. सगळ्या पिशव्या सोडवायच्या, टेप पुसायची, पट्ट्यांच्या जागा, सीटपोस्टच्या कडीचा घेर आणि एक्सलजवळचे कोपरे उजेडात पाहायचे. शंकास्पद जागेवर नाण्यानं हलकेच टकटक करायची. आजूबाजूला कडक वाजणारी नळी एका ठिकाणी बद्द वाजली तर तिथं आतले थर सुटले असण्याची शक्यता असते आणि जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत ती सायकल चालवायची नाही.

एवढं सगळं स्वारानं स्वतः शोधून काढावं लागतं, हेच मुळात बरोबर नाही. सीटपोस्टच्या कडीवर किती आवळायचं त्याचा आकडा कंपन्या छापतात. त्याच कडीशेजारी, सीटपोस्टला किती किलोंची पिशवी चालेल आणि एक्सलवर किती, हे दोन आकडे छापायला त्यांना काही अडचण असू नये. चिमट्यावरच्या स्क्रूंसाठी किती वजन चालेल ते काही जण पुस्तिकेत देतातच. दुकानदारांनी ती पुस्तिका खोक्याबरोबर फेकून न देता गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी, आणि गिऱ्हाइकानं पैसे मोजण्याआधी एकूण वजनाची मर्यादा, भोकं कुठं आहेत आणि टायर किती रुंद बसतो, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत.